पाणवठ्यावर वाघ नाही

एका जंगलात, बाळांनो, काटेराव नावाचं साळिंदर राहायचं. त्याला कुठूनसा लॅपटॉप मिळाला होता, आणि तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीवर नव्हते.

जंगलात पाणवठा एकच. वाघ तिथेच दबा धरायचा. झाडावरचा हुप्प्या वानर ओरडला, की सगळे धूम पळायचे. बरं चाललं होतं. पण काटेरावाला ते गावंढळ वाटायचं. आरडाओरडा म्हणजे काय तंत्रज्ञान झालं?

त्याने वेब अ‍ॅप करायला घेतलं. फ्रेमवर्क, म्हणजे अ‍ॅपचा तयार सांगाडा, निवडलं अगदी हलकं. चार ओळी लिहिल्या की पान उघडतं. पहिल्यांदा पानावर 'नमस्कार, जंगल' उमटलं तेव्हा तो इतका फुलला, की शेजारी बसलेल्या बायकोला काटे टोचले. मग त्याने बटणं बसवली. लाल म्हणजे पाणवठ्यावर वाघ आहे, हिरवं म्हणजे नाही. वाघ नाही तर मग आहे कुठे, हे सांगणाऱ्या तिसऱ्या बटणाचा कंटाळा केला. हलकं ते हलकंच हवं ना!

गोम एवढीच, की पान फक्त त्याच्याच लॅपटॉपवर उघडायचं. सगळ्यांना दिसायला ते सर्व्हरवर चढवावं लागतं, आणि तो धडा त्याने वाचलाच नव्हता. माझ्याकडे तर चालतंय, असं तो ऐटीत सांगायचा. मग काय, अख्खं तहानलेलं जंगल त्याच्या बिळासमोर रांग लावू लागलं.

हुप्प्याला ओरडायला बंदी झाली. पाणवठ्यावर वाघ आला की त्याने शेपटी वर करायची, गेला की खाली. ती बघून काटेराव बटण दाबायचा. शेपटी रांगेतल्या सगळ्यांनाच दिसायची, पण बघतंय कोण?

एके दिवशी पाणवठ्यावर कुणीच फिरकेना. वाघ कंटाळून उठला आणि रांगेच्या शेवटी येऊन उभा राहिला. हुप्प्याने इमानदारीत शेपटी खाली सोडली. पान हिरवं झालं.

रांगेत शेवटची होती चंद्राक्का भेकर. तिच्या पाडसाच्या घशाला कोरड पडली होती. तिने मागे पाहिलं आणि पाडसाला पुढे घेतलं.

"काटेभावजी, वाघ माझ्या मागे उभा आहे हो."

"पाणवठ्यावर आहे का?" काटेरावाने मानही वर केली नाही. "नाही ना? मग हिरवंच राहणार."

चंद्राक्काने पाडसाला ढुशी दिली आणि दोघं सुटली ती थेट पाणवठ्यावर. तिथे खरंच वाघ नव्हता. पोटभर पाणी प्यायली बिचारी. रांगेत तिच्या पुढचा भिकोबा रानडुक्कर मात्र पानाकडेच बघत राहिला, आणि वाघाच्या पोटात गेला.

बिळात खोल शिरून काटेरावाने पुन्हा सगळं तपासलं. अ‍ॅपमध्ये एकही चूक निघाली नाही.

तात्पर्य : वाघ आपल्या मागे उभा असला, की पाणवठा अगदी निर्धास्त असतो. शंका आलीच, तर वळून बघू नये, पान बघावं.