कोरड्या गणवेशाची शाळा

एका जंगलात, बाळांनो, दर पावसाळ्यात पूर यायचा आणि दोन-चार पिल्लं घेऊन जायचा. म्हणून एका पाणमांजर आजीने नदीकाठी शाळा काढली. सकाळी पिल्लांना पाण्यात ढकलायचं, संध्याकाळी आयांकडे परत धाडायचं. सिंहाचं अनुदान नाही, म्हणून सिंहाची लुडबुडही नाही. शाळेचं नाव झालं.

नाव झालं की पाटी मोठी होते. आजी गेली आणि पाटीखाली कोल्हेसर येऊन बसले.

त्यांनी गणवेश आणला. तो भिजतो, अशी पालकांची तक्रार आली. मग पोहणं वाळूवर शिकवू लागले. वाळू बुटांत जाते म्हणून फळ्यावर. शेवटी नदीकडची खिडकी बुजवली. पोहण्याच्या तासाला पिल्लांचं लक्ष नदीकडे जायचं ना!

साळूबाई साळिंदरणीचं थोरलं पिल्लू मागच्या पुरात गेलं होतं. धाकट्या बारक्याला घेऊन ती मुलाखतीला आली.

"काय रे, पाण्यात पडलास तर काय करशील?" कोल्हेसरांनी विचारलं.

"हातपाय मारीन."

"आणि गणवेश?"

"भिजेल की!"

सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, मुलावर संस्कार दिसत नाहीत. शिवाय हे काटे! शर्ट टिकायचा नाही."

"घ्या हो सर पदरात. एवढाच राहिलाय."

"पुढल्या वर्षी बघू."

साळूबाई रोज फाटकाशी येऊन विनवण्या करायची. तोवर बारक्या मागे नदीत डुंबायचा. काटे आतून पोकळ, त्यामुळे तरंगायचाही झकास.

शाळेच्या वर्धापनदिनीच पूर आला. पिल्लं रांगेत उभी राहून पोहण्याचं गौरवगीत गात होती. दुसऱ्या कडव्याला पाणी कमरेला लागलं. बारक्याने एकेकाला पाठीवर घालून काठावर आणलं. शेवटी कोल्हेसर.

"टोचतंय रे!"

"सोडू का, सर?"

"नको नको! छान टोचतंय!"

पूर ओसरला. फाटकावर बारक्याचं भलंमोठं चित्र लागलं, अंगात कोरडा गणवेश. खाली लिहिलं होतं, 'आमच्या शाळेचा हिरा'. प्रवेशाची रांग डोंगरापर्यंत गेली.

रांगेत पहिली साळूबाई. कडेवर नवं पिल्लू.

"सर, बारक्याचं तुम्ही सोनं केलंत. आता याला तरी आत घ्या."

"पण बाई, काटे..."

"उपटूनच आणलंय, सर."

तात्पर्य: मुलांना नामांकित शाळेतच घाला. बाहेर राहिली, तर शिकून बसतील.