टाकी भरू नये म्हणून

कोणत्याही वस्तूचं आयुष्य ती किती कमी वापरली जाते यावर ठरतं, हे जगन्मान्य सत्य आहे. संडासाच्या टाकीपुरतं हे सत्य बावडा गावात आमचे सासरे आप्पासाहेब यांनी सप्रमाण सिद्ध केलं.

ब्याण्णव साली आमच्या परसात संडास झाला. संडास बेताचाच, पण टाकी एवढी की गवंडी सावळारामनं आत उतरून वर हाक मारली, "आप्पा, हितं भाडेकरू ठेवताय काय?" आप्पांची दृष्टी दूरची होती. टाकी भरली की उपसावी लागते. उपसायला इंदापूरहून गाडी मागवावी लागते. आणि ती गाडी दारात उभी राहिली की अख्ख्या गावाला कळतं, की या घरातली माणसं संडासला जातात. सबब, टाकी भरताच कामा नये.

त्यानुसार व्यवस्था लावण्यात आली. दाराला कुलूप, किल्ली आप्पांच्या बंडीच्या खिशात. वापराचा अधिकार फक्त पाहुण्यांना. (पाहुणा म्हणजे मुक्कामाचा. चहापुरतं येणाऱ्यांनी आपापली सोय बघून यावं.) टाकीच्या स्लॅबवर कुरडया उत्तम वाळत, हवेच्या पाइपाला बांधलेल्या अँटेनानं चित्रही स्वच्छ दिसे. टाकीतले जंतू उपाशी मरू नयेत म्हणून आप्पा दर अमावस्येला म्हशीचं पाटीभर शेण कालवून आत सोडत. थोडक्यात, म्हशीला टाकी होती आणि आम्हाला ऊस.

ऊस आडोशाला फार चांगला. पण त्याची तोड कारखाना ठरवतो. (तोडीच्या कार्यक्रमात बायकांच्या अडचणीचा रकाना नसतो.) एका वर्षी ऊसतोडीची टोळी आली आणि घरामागचा फड भुईसपाट करून गेली. सकाळी काखेत लेक छकुली, हातात तांब्या अशी मी बाहेर पडले, तर थेट नीरा नदीपर्यंत मोकळं रान. छकुलीनं माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडं वळवलं आणि विचारलं, "आई, आपला संडास कुनी नेला?"

मी तशीच मागं फिरले.

"आप्पा, किल्ली द्या."

"टाकी भरंल, सूनबाई."

"मला न्हाय, छकुलीला पायजे."

"ती काय पावनी हाय व्हय?"

"पोरगी परक्याचं धन, असं तुमीच म्हणता की. मग पावनी न्हाय तर काय?"

आप्पांनी बंडीचा खिसा चाचपला. नियम त्यांचा, म्हणही त्यांचीच. किल्ली बाहेर आली.

आता एवढ्याशा पाहुणीला एकटं कसं सोडणार? म्हणून सोबत मी. शिवाय माहेरी मी पाहुणी, आणि सासरी 'दुसऱ्याच्या घरची', म्हणजे माझी पात्रता दुहेरी. हे ऐकून आमच्या सासूबाई दगडाबाई चुलीपुढून उठल्या. "मी तर बया चार दिसांची पावनी," म्हणाल्या (हे चार दिवस मी लग्न होऊन आल्यापासून चालू आहेत) आणि आम्हा दोघींना कोपरानं सारून आधी आत गेल्या.

"अगं, तू तर या घरची मालकीण!" आप्पा ओरडले.

आतून आवाज आला, "मग किल्ली तुमच्या खिशात कशी?"

अशा रीतीनं घरातला समस्त स्त्रीवर्ग पाहुण्यांत जमा झाला. मालक उरले आप्पा. (आमचे हेही मालकच, पण ते मुकाट्यानं छकुलीच्या सोबतीला जाऊ लागले.) आप्पा मात्र तत्त्वाचे पक्के. भर थंडीत, मोकळ्या रानात, उसाच्या पाचटाच्या एकुलत्या ढिगाआड ते मालकीहक्क बजावत राहिले.

टाकी अजून भरलेली नाही.

आता शहाणेसुरते वाचक हसतील. हसावं. हसून झालं की आपल्या बैठकीतल्या काचेच्या कपाटाकडं एकदा बघावं. ते सोनेरी काठाचे कप कुणासाठी राखून ठेवलेत? आणि आत्ता, या घडीला, तुमच्या स्वयंपाकघरात कान तुटलेल्या कपातून चहा कोण पितंय?