शून्यावर आलेला काटा

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या धाकट्या बहिणीच्या अंगात सहाशे चाळीस पोटभाडेकरू राहतात, असे अंतर्भार निवारण केंद्राने तिला लेखी कळवले. पत्रावर जावक क्रमांक होता, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही.

केंद्राचे शास्त्र सोपे होते. सात कोटी वर्षांपूर्वी एका दूरच्या ग्रहावर जागेची टंचाई झाली. बेघर झालेले आत्मे इथे आले आणि दिसेल त्या माणसात शिरले. तुमची सर्दी, तुमची चिडचिड, सासूशी न पटणे, हे सगळे त्यांचेच उद्योग. त्यांना नोटिसा देऊन बाहेर काढण्याचे काम केंद्र करी. पायरीपायरीने, प्रत्येक पायरीचे शुल्क वेगळे. बहीण शाळेत गणित शिकवायची. मुलांनी उत्तर बरोबर लिहिले तरी रीत दाखवल्याशिवाय ती गुण देत नसे. केंद्राला मात्र तिने रीत विचारली नाही.

भावाला ग्रहाचे काही पडले नव्हते. त्याची तक्रार एकच होती. बहिणीला लहानपणापासून फिट यायच्या. रोजच्या गोळीने त्या नऊ वर्षे बंद होत्या. केंद्राच्या मते गोळीमुळे पोटभाडेकरूंना गुंगी येते आणि ते नोटीस घेत नाहीत. म्हणून तिने गोळी सोडली होती.

"अगं, गोळी घे. मग त्या भाडेकरूंचं काय करायचं ते कर."

"शुद्ध झाले की घेईन, दादा. शुद्ध माणसाला काहीही चालतं, नियमच आहे."

"मग हो की शुद्ध. कुणी धरलंय?"

"काटा शून्यावर येत नाही. चौदा महिने चौथ्याच पायरीवर बसलेय."

काटा म्हटल्यावर भावाचे कान टवकारले. दुसऱ्या दिवशी तो हत्यारांची पेटी घेऊन केंद्रात हजर झाला आणि फुकटात दुरुस्ती करून देतो म्हणाला. फुकट या शब्दाचे केंद्रात कुणालाच वावडे नव्हते. तो फक्त त्यांच्या बाजूने कधी निघत नसे.

यंत्राचे नाव भारमापक. दोन पत्र्याचे डबे हातात धरायचे, त्यांच्या तारा एका पेटीत गेलेल्या, पेटीवर काटा. भावाने झाकण उघडले. आत एक बॅटरी, एक गंजलेली स्प्रिंग आणि एक झुरळ होते. तळहाताला घाम आला की काटा पुढे सरके आणि स्प्रिंग गंजल्यामुळे तिथेच अडके. आधीचे लोक पटापट शुद्ध झाले होते, कारण त्यांच्या वेळी स्प्रिंग नवी होती.

त्याने स्प्रिंग बदलली, काटा शून्यावर आणला आणि बावीस वर्षांच्या सवयीने पेटीवर आपला शिक्का मारला: 'तपासले. अचूक.' खाली तारीख आणि सही.

"हात रुमालाला पूस आणि बस," तो बहिणीच्या कानात म्हणाला.

काटा शून्यावरून हलला नाही. टाळ्या झाल्या. बहीण रडली. भावाने खिशातून गोळ्यांची पट्टी काढून तिच्यापुढे धरली.

"घे आता."

केंद्रप्रमुखांनी पट्टीकडे करुणेने पाहिले. "ही कशासाठी?"

"तिच्या फिटसाठी."

"फिट भारामुळे येते. भार शून्य आहे. काटा तर तुम्हीच तपासलात."

"अहो, तो काटा घाम मोजतो. तळहाताचा घाम, बस."

"मग 'अचूक' लिहिलंत ते?"

"घाम अचूक मोजतो."

बहिणीने पट्टी त्याच्या हातात परत दिली. "चौदा महिन्यांनी माझं काहीतरी चांगलं झालं, दादा. तेवढंही तुला बघवलं नाही."

त्याच संध्याकाळी भावाची नोंद 'अडथळा, वर्ग एक' अशी झाली. संबंधविच्छेदाच्या अर्जावर बहिणीच्या दोन शेजाऱ्यांच्या सह्या लागत. मजकूर असा: 'सदर भाऊ हा प्रगतीस घातक असल्याचे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे.' प्रत्यक्षात त्यांनी त्याला महिन्यातून दोनदा औषध घेऊन जिना चढताना पाहिले होते.

"काय आहे हे?" समोरच्या निवृत्त साहेबांनी विचारले.

"घरगुती आहे," बहीण म्हणाली.

"मग ठीक. दुसऱ्याच्या घरगुती बाबतीत आम्ही पडत नाही," असे म्हणून त्यांनी सही केली. शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंनी फक्त सही कुठे करायची ते विचारले.

अकराव्या दिवशी बहीण वर्गात फळ्यासमोर कोसळली आणि डोके बाकाच्या कडेवर आपटले. इस्पितळाच्या कागदावर 'जवळचा नातेवाईक' या रकान्यात, त्या अर्जाच्या आधारे, केंद्राचे नाव निघाले. केंद्राने फोनवर चिंतेचे कारण नसल्याचे कळवले. एवढे भाडेकरू जागा सोडतात, तेव्हा सामानाची आदळआपट व्हायचीच.

भाऊ अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर बसून राहिला. कागदोपत्री तो तिचा कुणीच नव्हता, म्हणून त्याला आत सोडत नव्हते. चौथ्या दिवशी दोघे शेजारी फळे घेऊन आले. बाईंनी डोळ्यांना पदर लावला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सख्खा भाऊ ना तू? मग वेळीच लक्ष कसं दिलं नाहीस रे?"

साहेब खरोखरच हळहळत होते. अर्जावर काय लिहिले होते ते त्यांनी आजवर वाचलेले नाही. अर्ज केंद्राच्या कपाटात आहे. दोन्ही सह्या नुसते फराटे आहेत, कुणाच्या ते लागत नाही. साहेबांना नावे ठेवण्याआधी तुम्ही तो अर्ज एकदा मागवून बघा. फराटा आपल्याच हातचा वाटला, तर घरगुती बाब आहे. आम्ही मध्ये पडणार नाही.