मागे कोण आहे?

आमच्या इमारतीत जुना टूथब्रश कुणी फेकून देत नाही. तो इनासकाकांना द्यायचा असतो. मी दुबईपलीकडच्या रास अल खैमात राहायला आलो तेव्हा तिसऱ्याच दिवशी त्यांनी दार वाजवलं. हातात बिस्किटांचा रिकामा डबा. "वापरलेला ब्रश आहे?" मी गडबडून वापरातलाच दिला. तो उजेडात धरून ते गंभीरपणे म्हणाले, "घाईत घासतोस. एका बाजूचे केस अजून नवेच आहेत."

इनासकाका मूळचे वसईचे. इमारतीखालीच त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. थंडी पडली की इथली माणसं कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, गाडीमागे जोडून समुद्रावर मुक्कामाला जातात. पुढे ब्रेक दाबला की मागचाही लाल दिवा लागावा म्हणून दोन्हींच्या मध्ये एक जाड केबल असते. खाऱ्या हवेने तिच्या प्लगातल्या पिना हिरव्या पडतात. त्या घासायला ब्रश.

काम झालं तरी काका गाडी सोडत नाहीत. गिऱ्हाइकाला मागे उभं करतात, स्वतः आत बसतात आणि ओरडतात, "डावा?" मागच्याने "लागला" म्हणायचं. अरब गिऱ्हाइकंसुद्धा आता बिनचूक "लागला" म्हणतात.

"टेस्टर आहे की, काका," मी एकदा म्हणालो.

"टेस्टर सांगतो करंट आला. दिवा दिसला, हे माणूसच सांगतो, ग्रॅज्युएट."

मला ते याच नावाने हाक मारतात. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, हे मीच त्यांना अभिमानाने सांगितलं होतं. कारखान्यात बढती मिळाली म्हणून मिठाई घेऊन गेलो, तर म्हणाले, "चांगलं झालं. मागे कोण आहे?"

"आई आणि आप्पा. गावी."

"मग आण त्यांना."

आणलं. आप्पांनी जन्मभर उसाचा ट्रॅक्टर चालवून मला शिकवलं. त्यांनी इथं येऊन एकच गोष्ट मागितली. "आपल्याकडं समुद्रात सूर्य बुडतो. तुमच्या त्या फुजैराला म्हणे समुद्रातून उगवतो. तेवढं दाखव." मला सुट्टी मिळता मिळता त्यांच्या मुक्कामाचा शेवटचा शनिवार-रविवार उरला. आमच्या मॅनेजरांनी वर्षभर उभी असलेली कॅराव्हॅन दिली. माझ्या जुन्या जीपला ती जोडली, आणि डावा सिग्नल दिला की ब्रेकचे दिवे लुकलुकायला लागले. जीपच्या सॉकेटला सात पिना, कॅराव्हॅनच्या प्लगाला तेरा. दोष मधल्या जोडणीचा असणार असं समजून मी बाजारातून एकामागून एक तीन अडॅप्टर आणले. शेवटी काकांकडे गेलो.

त्यांनी अडॅप्टरांकडे पाहिलंही नाही. कॅराव्हॅनचा प्लग उघडला. आत एक पिन पूर्ण हिरवी.

"ही परतीची वाट. गेलेल्या करंटला परत यायला वाट लागते. ती बंद झाली की तो दुसऱ्याच्या घरात शिरतो."

ब्रश सुरू झाला. दुपार कलली. आप्पा सारखे आभाळाकडे बघत होते.

"इनासराव, आमच्या ट्रॉल्यांना जन्मात दिवा नव्हता. लाल फडकं बांधा अन् सोडा की."

काकांनी मान वर केली. "आणि मागून कुणी आदळलं तर?"

उसाच्या हंगामात मागून ट्रॉलीवर आदळून गेलेलं एक तरी माणूस आमच्याकडे प्रत्येक गावाला आठवतं. आप्पा उठले आणि आपणहून कॅराव्हॅनच्या मागे जाऊन उभे राहिले.

"डावा?"

"लागला!"

"ब्रेक?"

"लागला, इनासराव! झकास लागला!"

"खलास. यल्ला, निघा."

दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पांनी वाळूत उभं राहून, टोपी काढून सूर्य उगवताना पाहिला. आई म्हणाली, "त्याच बाजूला आपलं गाव."

दोघं परत गेल्यावर आठवड्याभराने आप्पांचा फोन आला. ख्यालीखुशाली झाल्यावर म्हणाले, "एक विचारायचं राहिलंच बघ. त्या बाबाच्या स्वतःच्या गाडीमागं कोण उभं राहतं?"

काकांच्या बायकोला, रीटाकाकूंना, जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या होत्या तेव्हा संध्याकाळी दुकानासमोरून "लागला" असा त्यांचा आवाज वरपर्यंत यायचा.

त्या संध्याकाळी मी गॅलरीत उभा राहिलो. काकांनी दुकान बंद केलं, आपली पिकअप सुरू केली आणि हळूहळू मागे घेत समोरच्या किराणा दुकानाच्या काचेपाशी आणली. मग आरशातून मान वाकडी करून काचेत बघत राहिले. डावा. उजवा. परत डावा.

मी जिना उतरलो आणि पिकअप आणि काच यांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

"डावा लागला, काका."

सिग्नल थांबला. थोड्या वेळाने उजवा सुरू झाला.

"उजवा लागला."

मग ब्रेकचे दोन्ही दिवे लागले.

"ब्रेक लागला, काका. दिसतोय."

त्यांनी पाय उचलला नाही. बराच वेळ ते दिवे तसेच लागून राहिले.