खाट क्रमांक सातचा उपवास

मी जन्मात एकाही परीक्षेत नापास झालेलो नाही. चाकूरच्या एका ज्युनियर कॉलेजात पंचवीस वर्षं इतरांना नापास करतो आहे, त्यामुळे परीक्षा या विषयात आमच्या भावकीत माझा शब्द शेवटचा. असं मीच म्हणतो, पण अजून कोणी खोडून काढलेलं नाही!

याच अधिकाराने पाच वर्षांपूर्वी मी पुतणीला, सुकन्याला, नांदेडला इंजिनिअरिंगला घातलं. तिला लहानपणापासून वासरांच्या पायाला पट्ट्या बांधायचा नाद. मी म्हटलं, गणित बरं आहे, इंजिनिअर हो. पहिल्या खेपेला चार विषय राहिले. दुसऱ्या खेपेला तेच चार, वर एक नवा. कॉलेजजवळच्या विष्णुपुरी धरणाचे किती दरवाजे उघडलेत, एवढं मात्र तिला रोज अचूक माहीत असायचं.

तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या मन्मथदादांनी, तिला घरी आणून स्थळं बघायला काढली. पोरीने कोणालाही न विचारता नर्सिंगची प्रवेश परीक्षा दिली आणि लातूरला बीएस्सी नर्सिंगला लागली. दादांनी एकच अट घातली. पुन्हा एक जरी विषय राहिला तर बॅग भरून घरी, आणि पुढच्या महिन्यात साखरपुडा.

दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल आलं आणि मी स्वस्थ बसेन कसा? प्रत्येक विद्यार्थिनीला वॉर्डातला एक पेशंट देतात. त्याची विचारपूस करायची, तपासायचं, काळजी कशी घेणार ते परीक्षकांना सांगायचं. माझा हर्निया दोन वर्षांपासून नुसता पडून होता. मी त्याच दवाखान्यात, त्याच वॉर्डात, त्याच सोमवारी ऑपरेशन ठरवलं. मुद्देसूद उत्तरं देणारा, शिकलेला पेशंट निघाला तर पोरीच्याच पथ्यावर पडणार होतं.

चिठ्ठ्या टाकल्या आणि सुकन्याला खरोखरच खाट क्रमांक सात आली, म्हणजे मी! यात माझा हात नव्हता, पण हे आजतागायत कोणी मान्य करत नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. हे माझे काका आहेत, पेशंट बदला, असं सांगायला तिने तोंड उघडलं. मी डोळे असे वटारले की बिचारीने मिटलं. मग ती वही आणायला गेली.

तेवढ्यात वहिनी आल्या. वहिनी म्हणजे सुकन्याची आई, शिवकांताबाई. दुपारी माझं ऑपरेशन, म्हणून चाकूरहून पहाटेची बस धरून आल्या होत्या. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जाणं म्हणजे त्याच्या मरणावर टपल्यासारखं. त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. भगर आणि शेंगदाण्याची आमटी.

मी म्हटलं, वहिनी, रात्रीपासून पाणीसुद्धा बंद आहे.

"म्हणून तर आणलंय," त्या म्हणाल्या. "श्रावणी सोमवार हाय. उपासाचंच हाय समदं. ह्याला काय जेवण म्हणत्यात का, भावजी?"

मी एम.ए. आहे. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते उलटून फुफ्फुसात जातं, हे मी वाचलेलं आहे. पण समोर वहिनी होत्या, त्यांनी घास हातात धरला होता आणि आमटीला वास सुटला होता. एक घास घेतला. दुसरा पहिल्याच्या सोबतीला गेला. नंतर डबाच रिकामा झाला. वहिनींनी देवाला हात जोडले आणि बाहेर बाकावर जाऊन बसल्या. डबा खाटेखाली राहिला.

पाचच मिनिटांत परीक्षक मॅडम आल्या, बाहेरगावच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. शेजारी सुकन्या. वॉर्ड असा शांत झाला की सलाईनचे थेंब मोजता यावेत.

"आजोबा," सुकन्या म्हणाली. मी त्रेपन्न वर्षांचा आहे. "रात्रीपासून काही खाल्लं-प्यायलं का?"

मी हिशोब केला. खाल्लं म्हणावं, तर तिचा पेशंट तिच्या नाकाखाली जेवला, पोरगी गेली. नाही म्हणावं, तर कदाचित मी गेलो. मी हुतात्मा व्हायचं ठरवलं.

"नाही सिस्टर," मी म्हणालो, आणि त्याच क्षणी मला ढेकर आला.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. मी म्हणालो, पित्त आहे. सुकन्या नाडी बघायला वाकली आणि तिला खाटेखालचा डबा दिसला. तिच्याच बारशाला मी दिलेला. झाकणावर नाव कोरायला मी जास्तीचे पैसे मोजले होते: चि. सुकन्या हिच्या बारशानिमित्त, काका वीरभद्र यांजकडून.

पायाने जरासा ढकलला असता, तर डबा भिंतीकडे गेला असता. मॅडमना दिसलाही नसता. मी डोळ्यांनी तिला तेच सांगत होतो. ढकल, बाळ, ढकल! माझ्या नाडीचे ठोके तिच्या बोटाखाली धावत होते. तिचे स्वतःचे किती असतील, देव जाणे. ती डब्याकडे बघत राहिली.

मग तिने तो उचलला.

"मॅडम, पेशंटने खाल्लंय. आजचं ऑपरेशन थांबवायला सांगावं लागेल."

"ते तर नाही म्हणतात. आणि डबा कशावरून त्यांचा?"

सुकन्याने झाकण त्यांच्या हातात दिलं. मॅडमनी वाचलं. एकदा तिच्या ॲप्रनवरचं नाव, एकदा माझ्या खाटेवरचं. मी डोळे मिटून घेतले. पोरीची दोन वर्षं, दादांची अट, साखरपुडा, सगळं एका झाकणावर आलं होतं, माझ्याच खर्चाने कोरलेलं.

"काका आहेत माझे," ती म्हणाली. "चिठ्ठी निघाली तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

मॅडमनी आधी सर्जनला निरोप पाठवला. मग पोरीला उभ्या-उभ्या जे झापलं, ते मी इथे लिहीत नाही. तिला दुसऱ्या खाटेवरचा पेशंट दिला आणि पुन्हा पहिल्यापासून परीक्षा घेतली. दीड महिन्याने निकाल लागला. सुकन्या पास झाली, वर्गात दुसरी आली. माझं ऑपरेशन त्याआधीच, पुढच्या सोमवारी झालं. त्या दिवशी वहिनींना वॉर्डाच्या दाराशीच अडवलं होतं. अडवणारी त्यांचीच पोर.

पण एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी जाता जाता मॅडमनी तिला विचारलं होतं, पेशंट एवढा शिकलेला, ठामपणे नाही म्हणतोय, तरी तुला त्याच्यावर संशय का आला?

मला झोप लागली आहे अशा समजुतीने सुकन्या म्हणाली, "मॅडम, ह्यांचं ऐकून मी इंजिनिअरिंगला गेले होते."

माझ्या सल्ल्यामुळे कोणी पास झाल्याचं आमच्या भावकीतलं हे पहिलंच उदाहरण.