एकशे दहाचे जमादार

दोन माणसं शेजारी बसलेली दिसली की आमच्या गंगाधर जमादारांचा हात आपोआप खिशातल्या शिट्टीकडे जातो. त्यात एक बाईमाणूस असलं की झालंच. वैशाखात आमच्या गल्लीत लग्न होतं. अक्षता पडल्या, नवरानवरी स्टेजवरच्या सोफ्यावर बसली आणि माझ्या शेजारी जेवायला बसलेल्या जमादारांनी एकदम मान वर केली. मी त्यांचा हात धरून पत्रावळीवर आणला. म्हटलं, लग्न लागलंय त्यांचं, आत्ताच आपण अक्षता टाकल्या. जमादार ओशाळले. "सवय लागली, गुरुजी," म्हणाले आणि वरणात भात कालवू लागले.

जमादार माझे शेजारी. मी शाळेत गणित शिकवून घरी बसलोय, ते घरी बसायच्या बेतात आहेत. मूळचे धर्मापुरीचे. एके काळी हा माणूस खरा पोलीस होता. कुणाची म्हैस चोरीला गेली की ती कुठल्या बाजारात उभी असेल हे चहा पिता पिता सांगायचा, आणि म्हैस तिथेच सापडायची. पण मग एका पुढाऱ्याने भाषणात विचारलं की तळ्याच्या पाळीवर आपल्या संस्कृतीचं काय चाललंय. टाळ्या पडल्या. आठवड्याच्या आत ठाण्यात सभ्यता पथक निघालं आणि वयाने वडीलधारे म्हणून जमादारांना त्यात घातलं. तेव्हापासून म्हशी आपापल्या नशिबावर आहेत.

पथकाचं हत्यार म्हणजे कलम एकशे दहा, सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. आता असभ्य म्हणजे नेमकं काय, हे जमादारांना कुणी सांगितलं नाही. मग त्यांनी ते स्वतःच बसवलं. एका लस्सीत दोन नळ्या असल्या तर एकशे दहा. दोन लस्स्या असल्या तर तो हॉटेलवाल्याचा फायदा, त्यात पोलिसांनी पडू नये. एका छत्रीत दोघं असतील आणि पाऊस पडत असेल तर माफ. ऊन असेल तर चौकशी.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे नवराबायको कोण आणि बाकीचे कोण हे ओळखणं. त्यावरही त्यांचा तोडगा होता. त्यांच्या गावाकडची रीत अशी, की रस्त्याने नवरा पुढे चालणार आणि बायको हाकेच्या अंतरावर मागे. वडीलमाणसांसमोर एका बाजेवर बसणं तर सोडाच, एकमेकांशी थेट बोलायचंही नाही. "खरे नवराबायको शेजारी बसून हसत न्हाईत, गुरुजी," ते मला समजावून सांगत. "हसतेत ते एकशे दहा."

या हिशेबाने त्यांनी बँकेत नव्याने बदलून आलेला साहेब आणि त्याची बायको यांना तळ्यावरून उठवून ठाण्यात आणलं. त्या बिचाऱ्याने मोबाइलवर लग्नाचे फोटो दाखवले. जमादारांनी चष्मा लावून एकेक फोटो पाहिला आणि म्हणाले, "फोटोत बी हसतायत." त्याच दिवशी पाळीवर एक जोडी एकमेकांकडे पाठ करून, तोंड फुगवून बसली होती. जमादारांनी त्यांना रामराम घातला आणि पुढे गेले. ती घरातून पळून आलेली पोरं होती, आणि त्यांचे आईबाप त्या वेळी ठाण्यात तक्रार द्यायला बसले होते.

पुढे माझी मोटारसायकल दारातून गेली. मी ठाण्यात गेलो तर सगळी माणसं तळ्यावर. उरलेल्या एकाने जांभई देत तक्रार लिहून घेतली. घरी आल्यावर मी जमादारांवर चिडलो. म्हटलं, चोर मोकाट आणि तुम्ही पोरांच्या मागे, कावून हा उद्योग? ते माझ्यावर रागावले नाहीत. थकल्यासारखे ओट्यावर टेकले.

"गुरुजी, चोर पळतंय. जोडपं बसल्या जागी सापडतंय. वर आकडा दाखवायचा असतोय, कुनी सोपं सोडून अवघड कावून करंल?"

मोटारसायकल काही सापडली नाही. आता मी यष्टीने हिंडतो.

एवढ्यात कौसावैनी आजारी पडल्या. ही जमादारांची बायको फार बोलायची नाही, पण भिंतीपलीकडून ताकाचं भांडं न चुकता यायचं. पोटात गाठ निघाली. वैनींच्या भावाने त्यांना अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात भरती केलं, ऑपरेशनचा दिवस ठरला. वैनींनी निरोप धाडला की हे आल्याशिवाय मी टेबलावर जाणार नाही. जमादारांनी रजा मागितली. ठाण्याचे साहेब म्हणाले, महिन्याचा आकडा कमी पडतोय, दोन केसेस आणा आणि खुशाल जा.

त्या संध्याकाळी जमादार माझ्याकडे आले आणि म्हणाले, पंच म्हणून तुम्ही चला. मला असली कामं आवडत नाहीत, पण वैनींचा चेहरा डोळ्यांपुढे होता. गेलो.

पाळीवर एकच जोडपं होतं, पण दोघांच्या दोन केसेस होतात. पोरीने फडक्यात बांधून भाकरी आणि मेथीची भाजी आणली होती, पोरगा कांदा फोडत होता. मध्येच ती त्याला घास भरवायची आणि दोघं हसायची. एकशे दहाच्या सगळ्या खुणा तिथे हजर होत्या. जमादारांनी शिट्टी काढली, ओठांपर्यंत नेली आणि तशीच धरून उभे राहिले.

"जेवतेत," ते हळूच म्हणाले. "जेवनावरनं उठवू न्हाई मानसाला."

आम्ही बाभळीखाली बसलो. जेवण होईपर्यंत थांबायचं ठरलं. पण त्या पोरांना कसली घाई नव्हती. भाकरी संपली, तर पोरीने गुळाचा खडा काढला. जमादार बघत होते, आणि बघता बघता त्यांचा चेहरा पडत गेला. आमच्या वैनींनी त्यांना उभ्या जन्मात असा घास भरवला नसणार. कधी भरवणार? ते जेवून उठल्यावर त्या चुलीपाशी बसायच्या. माझ्या घरीही तेच होतं.

पोरांनी फडकं झटकलं. मी म्हटलं, जमादार, झालं त्यांचं. ते उठले, शिट्टी खिशात घातली आणि गावाकडे वळले.

"यष्टी धरतो अंबाजोगाईची."

"आणि रजा?"

"माजी रजा ती तितं बसलीय, गुरुजी. तिला न्हाई उठवायचं मला."

तोवर सगळ्या नोकरीत बिनरजेचा गेलेला नव्हता हा माणूस. दुसऱ्या दिवशी ठाण्यातून माझ्याकडे निरोप आला की जमादारांना हजर व्हायला सांगा, नाहीतर कारवाई होईल. मी डबा बांधून घेतला आणि दुपारी दवाखान्यात पोचलो.

ऑपरेशन त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. आवारात लिंबाखाली सिमेंटच्या बाकावर वैनी शाल पांघरून बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या. जमादार त्यांच्यापुढे, मागे हात बांधून, बंदोबस्ताला उभं राहावं तसे उभे होते. मी डबा दिला आणि निरोप सांगितला. जमादारांनी मान हलवली. बघू, म्हणाले. नोकरीचं त्यांना तेव्हा काहीच वाटत नव्हतं, हे मला स्पष्ट दिसलं.

"गुरुजी, यांना बसा म्हना जरा," वैनी म्हणाल्या. "कालधरनं नुस्ते उभे हायत."

"मानसं हायत समदीकडं," जमादार पुटपुटले.

वैनींनी शाल सावरली. मग माझ्यादेखत, पहिल्यांदाच, थेट नवऱ्याकडे बघून बोलल्या. "मला लई भ्या वाटतंय उद्याचं. इतं या."

जमादार बाकाच्या पार टोकाला टेकले. वैनींनी शालीतून हात काढून मधल्या जागेवर ठेवला. जमादारांनी त्या हाताकडे पाहिलं आणि मग फाटकाकडे, चहाच्या टपरीकडे, नातेवाइकांच्या घोळक्याकडे पाहिलं. आमच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

"अवो, कोन येतंय आपल्याला उठवाया?" वैनी म्हणाल्या. "पोलीस तर तुमीच."

जमादार सरकले. वैनींनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटले, आणि ते दोन्ही हातांत त्यांचा हात धरून भर दुपारी सगळ्यांदेखत तसेच बसून राहिले.