फासा जिथं थांबेल तिथं

आमच्या जेवणाच्या टेबलावर टायग्रिस नदी वाहते आणि तिच्या डाव्या काठावर माझे खापरपणजोबा, थोरले आबा, एक इंच उंचीचे, अजून ड्युटीवर आहेत. आम्ही जेवायला खाली बसतो.

पहिल्या महायुद्धात ते मराठा पलटणीतून इराकच्या बाजूला गेले होते. पप्पांनी छंद म्हणून ती लढाई टेबलावर मांडली, शिशाची पलटण मागवली, आणि तिसऱ्या खोक्यात शिशाच्या शिपायांबरोबर थोरले आबा निघाले. त्यांना रंग द्यावा लागला नाही. आईने एकदा त्यांना अलगद उचलून देव्हाऱ्यात ठेवलं. सकाळी ते पुन्हा खंदकात. "हुकूम न्हाई," एवढंच म्हणाले.

नदी शेजारच्या कारखानीसकाकांनी केली. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. रविवारी दुपारी ते तुर्कांच्या बाजूने खेळायला येतात आणि येताना नदीला पाण्याचं आवर्तन सोडतात. मग छतावर पाण्याचा उजेड हलत राहतो आणि घरातले सगळे आपोआप हळू बोलतात.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तुर्कांची मशीनगन थोरल्या आबांच्या समोर आली. काकांनी तिच्या तोंडापासून आबांच्या छातीपर्यंत दोरा ताणला. मध्ये काहीच नव्हतं, म्हणजे गोळी सुटणार.

"दिसतोय," काका म्हणाले. "सॉरी हं, निकमसाहेब."

"सॉरी कशाला? नियम आहे," पप्पा म्हणाले आणि खुर्चीत बसले.

नियम असा, की फाशावर चार किंवा जास्त पडले तर माणूस वाचतो. कमी पडले तर त्याला पेढ्यांच्या खोक्यात, कापसावर झोपवायचं. शिशाची माणसं पुढच्या रविवारी पुन्हा उभी राहतात. थोरले आबा शिशाचे नाहीत.

ज्याच्या जिवावर बेतलंय त्याच्या बाजूने फासा टाकायचा असतो. पप्पांनी तो उचलला, तेवढ्यात खंदकातून आवाज आला. तो ऐकायला कान अगदी वाळूपर्यंत न्यावा लागतो.

"ती भेदरट पोरगी कुठं हाय? तिला टाकू दे."

"अवंती?" आई म्हणाली. "आबा, दाराची बेल वाजली तरी ती उडते हो."

"म्हनून तर. मला भ्या वाटतंय, आन् तुमच्यातल्या एकाचाबी हात कापंना."

मी फासा घेतला. माझा हात कापत होताच. थोरल्या आबांनी डोक्यावरचं फडकं नीट केलं आणि समोर बघितलं. मी मूठ हलवू लागले, आणि कारखानीसकाका शिंकले.

फासा उडाला तो गॅलरीच्या दारातून बाहेर.

"परत टाक," काका नाक पुसत म्हणाले. "टेबलाबाहेरचा फासा बाद."

"फासा जिथं थांबेल तिथं वाचायचा," पप्पा म्हणाले. "मागे तुमचा सहा कपाटाखाली गेला, तेव्हा पोटावर झोपून तुम्हीच वाचून आलात की."

काका रुमाल खिशात घालून उठले.

मग सगळ्यांनी शोधलं. पप्पा जिना उतरून खाली गेले, आईने चपलांचं कपाट झाडलं, काकांनी पुन्हा पोटावर झोपून पाहिलं. गॅलरी माझ्याकडे होती. कढीपत्त्याच्या कुंडीत, खोडाजवळच्या ओल्या मातीत, मला एक पांढरा कोपरा दिसला. ठिपके दिसायच्या आत मी मान वर केली. आभाळ अगदी निवांत होतं.

"इथं नाही," मी म्हणाले.

मी परत आले तेव्हा थोरले आबा तसेच उभे होते.

"किती पडलं?"

"दिसलं नाही, आबा."

"मंग मी पडू का हुबा ऱ्हाऊ?"

पप्पांनी काकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आकडा वाचल्याशिवाय पाळी संपत नाही," ते म्हणाले. "पाळी संपल्याशिवाय कुणाला पुढे जाता येत नाही. गोळीलासुद्धा नाही. शिपायाने बसावं की नाही, याबद्दल मात्र नियम मौन आहेत."

"मंग बसतो," थोरले आबा म्हणाले.

ते नदीकाठी बसले. पायाच्या पट्ट्या सोडायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी दोन्ही पाय पाण्यात सोडले.

"गार हाय," ते म्हणाले.

काका अजून रविवारी येतात, आवर्तन सोडतात, न हललेल्या मशीनगनमागे बसून चहा पितात आणि घरी जातात. थोरले आबा कधी कधी गुणगुणतात. शब्द कळत नाहीत.

कढीपत्त्याला पाणी मीच घालते, दुसऱ्या कुणाला घालू देत नाही. डोळे मिटून, कडेकडेने, बारीक धार. फासा हलला तर तो पुन्हा टाकल्यासारखा होईल. आईला फोडणीसाठी पानं हवी असली तरी मीच जाते, आणि चाचपडत वरची वरची तोडून आणते.